सहल करावी तर खोपोलीची!

सहलीचा बेत ठरवायचा म्हणजे आमच्या घरी गोलमेज परिषदच भरते. चिरंजीवांना समुद्र हवा असतो, कन्येला किल्ला हवा असतो आणि सौभाग्यवतींना, जिथे स्वयंपाक करावा लागणार नाही असे कोणतेही ठिकाण चालते. गेल्या दिवाळीत मात्र या परिषदेत आई मधेच म्हणाली, "धाकट्यालाही बोलाव. कुठं तरी मधल्या ठिकाणी भेटू या."

सगळे एकदम गप्प झाले. धाकटा पुण्याला, आम्ही डोंबिवलीला. वडिलांच्या माघारी गावचे घर विकले, तेव्हा आम्हा भावांत शब्दाने शब्द वाढला होता. पुढे चार वर्षे फोनवर "आई कशी आहे?" यापलीकडे बोलणे नाही. आईला अठ्ठ्याहत्तरावे चालू होते. मी निमूटपणे फोन उचलला.

मुंबई आणि पुणे यांच्या मधले ठिकाण म्हणजे कर्जत. पुण्याहून येणाऱ्या काही गाड्या तिथे थांबतात. आमची लोकल तर थेट जाते. पण स्टेशनावर भेटून करायचे काय? म्हणून मी कर्जतहून खोपोलीला जाणारा छोटा फाटा निवडला. अंतर जेमतेम 15 किलोमीटर, मार्ग एकेरी, आणि मधली स्टेशने चारच: पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी. आईच्या गुडघ्यांना झेपेल अशी याहून सोपी सहल मला माहीत नाही.

दिवाळीनंतरचे दिवस या मार्गाला फार शोभतात. पावसाळा सरलेला असतो, भाताची कापणी चाललेली असते आणि खिडकीतून शेतात रचलेले भारे दिसतात. पावसाळ्यात डोंगर अधिक देखणे असतात हे खरे. पण मुलाबाळांना घेऊन तिथल्या धबधब्यांच्या पाण्यात उतरणे जिवावर बेतू शकते, हे विसरू नये.

कर्जतच्या फलाटावर दोन्ही घरची मंडळी भेटली. बायकांनी एकमेकींचे हात धरले, मुलांनी बटाटेवड्यांवर झडप घातली. आम्ही दोघे भाऊ मात्र हवापाण्याविषयी बोललो.

बोलायला काहीच सुचेना, तेव्हा मी मुलांना इतिहास सांगू लागलो. आज आडबाजूला वाटणारी ही खोपोली एके काळी मुंबईच्या गाडीचे शेवटचे स्टेशन होती. 1856 साली रूळ इथवर आले. 1858 साली खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत गाडी सुरू झाली. मधला बोरघाट मात्र प्रवाशांना पालखीतून, तट्टावरून नाही तर बैलगाडीने चढावा लागे. 1863 साली घाटातून लोहमार्ग झाला, मुख्य गाड्या पळसदरीहून वर वळल्या आणि खोपोली फाट्याच्या टोकाला राहिली.

"म्हणजे पाच वर्षं मधलं तेवढंच राहिलं होतं," आई म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

खोपोलीत आम्ही दोन रिक्षा करून तलावावर गेलो. हा तलाव आणि काठचे महादेवाचे देऊळ नाना फडणवीसांनी बांधविले. दर्शन झाल्यावर सावलीत दशम्या, चटणी आणि दहीभाताची शिदोरी सोडली. डोंगरावरून उतरणारे मोठे नळ मुलांना दाखविले. लोणावळ्याकडच्या तलावांचे पाणी या नळांतून खाली येते आणि त्यावर इथले टाटांचे वीजघर 1915 सालापासून चालते. पुढे तेच पाणी पाताळगंगेला मिळते.

आता माझ्या चुकीकडे वळतो. या मार्गावर गाड्या मोजक्याच असतात. म्हणून सहलीचा बेत नेहमी परतीच्या गाडीपासून मागे आखत यावा आणि रविवारचे वेळापत्रक वेगळे पाहून घ्यावे. मी पाहिले ते इतर दिवसांचे! आम्ही धापा टाकीत फलाटावर पोहोचलो, तेव्हा शेवटच्या डब्याची पाठ तेवढी दिसली. धाकट्याची पुण्याची गाडीही त्यामुळे हुकणार होती.

"दादा, वेळापत्रक तूच पाहिलं होतंस ना?" तो म्हणाला. चार वर्षांत त्याने मला धरलेला हा पहिला जाब.

पुढच्या गाडीला तासाभराहून अधिक अवकाश होता. बायकामुले चकल्यांचा डबा उघडून बसली. आम्ही दोघे बाकाच्या दोन टोकांना. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "पैशांचं नव्हतं रे दादा. बाबांचा झोपाळा तू मला न विचारता घराबरोबर देऊन टाकलास."

मी चार वर्षे हिशेबाचे कागद जपून ठेवले होते. प्रत्येक रुपयाला माझ्यापाशी उत्तर होते, झोपाळ्याला नव्हते. संध्याकाळी बाबा त्यावर बसत आणि हा त्यांच्या मांडीवर डोके ठेवून झोपी जाई. ते मला कसे आठवले नाही?

"चुकलं माझं," मी म्हणालो. इतरांना वाटले, मी गाडीबद्दल बोलतो आहे. त्याला बरोबर कळले. तो उठला, चार चकल्या घेऊन आला आणि त्यांतल्या दोन त्याने माझ्या हातावर ठेवल्या.

तेव्हा वाचकहो, या मार्गावर अवश्य जा. पाण्याच्या बाटल्या भरून न्या, खाऊ थोडा जास्तच न्या, आणि एखादी गाडी चुकली तरी रात्र होणार नाही इतक्या लवकर निघा.

यंदाही आमचा बेत ठरला आहे. चिरंजीवांनी परवा मोबाईल काढून वेळापत्रक पाहण्याचे काम आपल्याकडे घेतले. आईने लगेच त्याला थांबविले.

"तू नको रे," ती म्हणाली, "ते तुझ्या बाबालाच पाहू दे."