मामांना दही द्यावे का?



खांडबारा हे सुरत-भुसावळ लोहमार्गावरील, नवापूर तालुक्यातले एक गाव. तेथून रोज गाडीने महाविद्यालयात येणारा माझा एक विद्यार्थी गेल्या हिवाळ्यात तास संपल्यावर माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. त्याच्या मामांना मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला होता. मुंबईला शस्त्रक्रिया पार पडली आणि नंतर केमोथेरपी, म्हणजे रसायनोपचार, सुरू झाला. त्यासाठी दर काही आठवड्यांनी सुरतमार्गे मुंबई गाठायची. घरी परतले की थोड्या दिवसांत जुलाब लागत. आजी म्हणे, "दही द्या, पोट थंड राहील." शेजारी म्हणे, "या औषधावर दही अजिबात चालत नाही." औषधाच्या दुकानात तर 'प्रोबायोटिक'च्या पुड्या मिळत होत्या.

"सर, यातले खरे कोणाचे?" त्याने विचारले.

मी पदार्थविज्ञान शिकवतो. मी काही डॉक्टर नव्हे. म्हणून त्याच्याकडून दोन दिवसांची मुदत मागून घेतली आणि वाचायला बसलो. त्याला जे सांगितले, तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

औषध रोगावर, त्रास पोटाला

कर्करोगाची पेशी भराभर विभागते. विभागण्यापूर्वी तिला आपल्या डीएनएची नक्कल करावी लागते. केमोथेरपीची बरीचशी औषधे नेमका येथेच अडथळा आणतात. १९४८ साली बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी मुलांना ॲमिनोप्टेरिन हे औषध देऊन काही काळापुरता का होईना, रोग मागे हटवला. ते औषध ज्या प्रयोगशाळेत तयार झाले, तेथील संशोधनाचे प्रमुख होते आपले भीमावरमचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव.

१९५७ साली फ्लुओरोयुरॅसिल हे औषध आले. मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर ते आजही वापरले जाते. युरॅसिल हा पेशीच्या नेहमीच्या वापरातला रेणू. त्यातील हायड्रोजनच्या एका अणूच्या जागी फ्लुओरिनचा अणू बसवला, की हे औषध तयार होते. पेशी फसते, त्याला आपलेच समजून आत घेते आणि तिचे थायमिन बनवण्याचे काम बंद पडते. थायमिन नाही, तर नवा डीएनए नाही; आणि नवा डीएनए नाही, तर विभाजन नाही.

पण भराभर विभागणाऱ्या पेशी फक्त कर्करोगाच्याच असतात का? नाही. आतड्याच्या आतले अस्तर साधारण तीन ते पाच दिवसांत पुरते नवे होते. जुन्या पेशी झडतात आणि खालून नव्या वर येतात. रक्तपेशी तयार करणारी अस्थिमज्जाही अशीच अखंड कामात असते. औषधाला आपला आणि परका हा भेद नीट कळत नाही. अस्तराच्या नव्या पेशी येईनाशा होतात, जुन्या मात्र झडतच राहतात. आता एक हिशेब पाहा. खाल्लेले, प्यालेले आणि शरीराने स्रवलेले पाचकरस मिळून दिवसाला सुमारे आठ-नऊ लिटर द्रव आतड्यात येतो. त्यातला जवळजवळ सगळा पुन्हा रक्तात शोषला जातो. अस्तर विरल्यामुळे यातला दहावा भाग जरी शोषला गेला नाही, तरी दिवसाला जवळपास एक लिटर पाणी बाहेर जाणार. मामांच्या जुलाबांचे एक मोठे कारण हे.

आतड्यातील वस्ती

आपल्या शरीरात अदमासे ३८ लाख कोटी जीवाणू राहतात, असा हिशेब २०१६ साली इस्राएलमधील शास्त्रज्ञांनी मांडला. यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात असतात. ज्वारी, बाजरी, डाळी, भाज्या यांतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो ते पचवतात आणि त्यापासून ब्युटिरिक आम्लासारखे पदार्थ तयार करतात. हे आम्ल म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराचे मुख्य इंधन. शिवाय उपद्रवी जंतूंना ही वस्ती जागा मिळू देत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातील संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले, की भारतीयांच्या आतड्यात प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा या गटांतील जीवाणू विशेष प्रमाणात आढळतात. म्हणजे ही वस्ती देशोदेशी सारखी नसते.

बरे, मग सगळेच जीवाणू आपले मित्र समजायचे का? तसेही नाही. इरिनोटेकॅन नावाचे कर्करोगाचे आणखी एक औषध आहे. त्याचे काम झाले, की यकृत त्याला साखरेसारखा एक रेणू जोडून निष्प्रभ करते आणि पित्तावाटे आतड्यात सोडते. तेथील काही जीवाणूंना ती साखर हवी असते. ते आपल्या विकराने ती कापून घेतात आणि निद्रिस्त झालेले औषध आतड्यातच पुन्हा जागे होते! मग अतिसार. २०१० साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी हे जीवाणूंचे विकर अडवणारा रेणू उंदरांना दिला, तेव्हा त्यांचा हा त्रास टळला. एकाच आतड्यात राखण करणारे आहेत आणि घरभेदीही आहेत.

मोजून काय दिसले?

'प्रोबायोटिक' म्हणजे पुरेशा संख्येने घेतल्यास आरोग्याला लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव, अशी व्याख्या २००१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी केली. यातले 'जिवंत', 'पुरेशा' आणि 'लाभ' हे तिन्ही शब्द महत्त्वाचे आहेत. जठरातल्या आम्लातून आणि पुढे पित्तातून जिवंत पार होणे ही सोपी गोष्ट नव्हे. असा चिवट एक जीवाणू १९८३ साली गोरबाख आणि गोल्डिन या अमेरिकन संशोधकांनी निरोगी माणसाच्या विष्ठेतून वेगळा केला. त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून त्याला लॅक्टोबॅसिलस जीजी म्हणतात.

फिनलंडमध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या आणि फ्लुओरोयुरॅसिल घेणाऱ्या १५० रुग्णांवर त्याची चाचणी झाली. काहींना हा जीवाणू दिला, काहींना दिला नाही. निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाला. जीवाणू न घेणाऱ्यांत शंभरी ३७ जणांना तीव्र जुलाब झाले, घेणाऱ्यांत शंभरी २२ जणांना. एवढा फरक निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता शंभरात तीनहून कमी होती.

आनंदाची गोष्ट आहे. पण आकडे नीट वाचा. जीवाणू घेऊनही शंभरातल्या २२ जणांना त्रास झालाच. शिवाय ही परीक्षा एका विशिष्ट वाणाची, ठरावीक मात्रेत आणि ठरावीक औषधाबरोबर झाली. दुकानातल्या दुसऱ्या पुडीला तिचे गुण आपोआप मिळत नाहीत. २०१८ साली अशा अनेक चाचण्या एकत्र तपासून कॉक्रेन या संस्थेने म्हटले, की लाभ असावा, पण पुरावा अजून भक्कम नाही.

आणि आजीचे दही? विरजणात लॅक्टिक आम्ल करणारे जीवाणू असतात हे खरे. परंतु कोणते, किती आणि सोबत दुसरे कोण, हे घरोघरी निराळे. दही हे उत्तम अन्न आहे. मात्र मोजून तपासलेले औषध नाही.

शेजारीही अगदीच चुकला नव्हता

आता दुसरी बाजू. अस्थिमज्जेवर औषधाचा परिणाम झाला, की रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात. बऱ्याच औषधांत हे प्रमाण साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास सर्वांत खाली जाते. त्यांतल्या न्यूट्रोफिल या पेशी म्हणजे जंतूंशी लढणारी पहिली फळी. त्या एका घन मिलिमीटर रक्तात ५०० च्या खाली गेल्या, तर मोठा धोका. त्यातच अस्तर फाटलेले. एरवी निरुपद्रवी असलेला जीवाणू अशा वेळी आतड्यातून रक्तात शिरू शकतो. प्रोबायोटिकमधलाच जीवाणू आजारी माणसाच्या रक्तात सापडल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत.

'फायदा नाही झाला, तरी तोटा काय?' असे आपण सहज म्हणतो. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाच्या २९६ रुग्णांवर प्रोबायोटिकची चाचणी झाली. तिचा निष्कर्ष २००८ साली आला: प्रोबायोटिक दिलेल्यांत शंभरी १६ दगावले, न दिलेल्यांत शंभरी ६. रोग निराळा होता, हे लक्षात ठेवा. पण अत्यवस्थ शरीरात 'निरुपद्रवी' हा शब्द जपून वापरायला हवा, एवढे त्यातून निश्चित कळते.

मग उत्तर काय?

मी त्या विद्यार्थ्याला चार गोष्टी कागदावर लिहून दिल्या. एक, दही किंवा पुडी, काहीही देण्यापूर्वी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना औषधाचे नाव आणि रक्ताचा ताजा अहवाल दाखवून विचारा. दोन, कच्च्या दुधाचे किंवा उघड्यावरचे काही देऊ नका. तीन, जुलाब लागले, की जलसंजीवनी सुरू करा आणि रुग्णालयाला लगेच कळवा. जुलाब थांबवण्याचे औषध मनाने देऊ नका. चार, घरात तापमापक ठेवा. ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइट झाला, की सकाळची वाट न पाहता जवळचे मोठे रुग्णालय गाठा. मुंबई खांडबाऱ्याहून कित्येक तासांवर आहे. पांढऱ्या पेशी कमी असताना आलेला ताप तेवढा वेळ देत नाही.

पुढच्या खेपेला मामांनी डॉक्टरांना विचारले. त्यांनी अहवाल पाहिला आणि पांढऱ्या पेशी सावरेपर्यंत थांबायला सांगितले. त्यानंतर तापवलेल्या दुधाचे, घरी लावलेले ताजे दही थोडे थोडे चालेल म्हणाले. पुडी मात्र नको. आजीला हे पटवायला दोन दिवस लागले. तापमापक नंदुरबारहून आणला आणि तो कसा वाचायचा, हे त्या विद्यार्थ्याने घरातल्या सगळ्यांना शिकवले.