भातातली सुरळीतली अळी

शास्त्रीय नाव : पॅरापॉयनिक्स स्टॅग्नॅलिस (झेलर, 1852)

पतंग : इवलासा, पांढरा; पंखांवर फिकट तपकिरी, काळसर ठिपके. रात्री दिव्याकडे येतो.

घर : हिरवट अळी भाताच्या पानाचे टोक कापते, रेशमी धाग्याने त्याची सुरळी करते आणि तिच्यातच राहते. सुरळ्या पाण्यावर तरंगत एका चुडातून दुसऱ्या चुडात जातात.

श्वास : अंगावरच्या धाग्यांसारख्या कल्ल्यांनी ती पाण्यातला प्राणवायू घेते. पतंगवर्गात अशा अळ्या थोड्याच.

नुकसान : ती पानातला हरितभाग खरवडून खाते. वरचा पातळ पापुद्रा उरतो आणि पानावर पांढरे पट्टे दिसतात. रत्नागिरीतल्या पाणथळ खाचरांत लावणीनंतरचे कोवळे रोप तिला अधिक बळी पडते. फुटवे जोमात आले की पीक बहुधा सावरते.

उपाय : दोन माणसांनी दोरी धरून पिकावरून ओढावी. सुरळ्या पाण्यात पडतील. मग बांध फोडून पाणी काढावे, तोंडाशी जाळी लावून सुरळ्या गोळा कराव्यात आणि नष्ट कराव्यात. खाचर दोन-तीन दिवस कोरडे राहिले, तर उरलेल्या अळ्याही तगत नाहीत. शेतकऱ्यांनी फवारणीचा पंप उचलण्याआधी हा बिनखर्चाचा उपाय जरूर करावा.