हो म्हणणारा स्विच

११ ऑगस्ट २०१८ चा शनिवार. गणेशखिंड रस्त्यावर मुख्यालय असलेल्या, १९०६ पासून पुणेकरांची असलेल्या कॉसमॉस बँकेच्या बनावट कार्डांवर त्या दुपारपासून २८ देशांतल्या एटीएममधून नोटा निघत होत्या. गंमत म्हणजे एकाही खातेदाराची शिल्लक कमी होत नव्हती.

एटीएम विचारतं, ‘या कार्डाला पैसे देऊ का?’ हा प्रश्न स्विच नावाच्या टप्प्यातून बँकेच्या कोअर बँकिंगकडे जातो आणि शिल्लक तपासून उत्तर येतं. चोरांनी मालवेअर घुसवून मध्येच एक नकली स्विच बसवला होता. तो प्रश्न पुढे पाठवतच नव्हता. आत खात्याला पत्ता नाही आणि बाहेर प्रत्येक मागणीला ‘हो’. परदेशात ७८ कोटी गेले, देशात अडीच कोटी. त्यातले काही थेट कोल्हापुरातल्या एटीएममधून! सोमवारी स्विफ्ट या बँकांमधल्या निरोपांच्या जाळ्याच्या वाटेनं आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगला पोचले. एकूण चौऱ्याण्णव कोटींच्या वर. त्या शनिवारच्या आदल्याच दिवशी अमेरिकेच्या एफबीआयनं बँकांना अशाच लुटीचा गुप्त इशारा दिला होता. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी पुढे हा माग उत्तर कोरियापर्यंत नेला. पुण्याच्या न्यायालयानं एप्रिल २०२३ मध्ये शिक्षा सुनावली ती इथल्या अकरा जणांना.

कॉसमॉसच्या वर्षभर आधी, जून २०१७ मध्ये, उरणजवळच्या जेएनपीटी बंदरात मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाकडे असलेलं टर्मिनल ठप्प झालं होतं. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ नावाचं मालवेअर सुटलं आणि तिथून जगभर पसरलं. खंडणी मागायचं, पण ती देऊनही फायली परत मिळायची सोयच त्यात नव्हती. मर्स्कचं जाळं पुन्हा उभं राहिलं ते घानामधल्या एका सर्व्हरवर शाबूत राहिलेल्या प्रतीमुळे. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. लोडशेडिंगला आयुष्यभर शिव्या घातलेल्या माणसाला ही गोष्ट फार आवडते.

त्या दोन्ही वेळी आपण प्रेक्षक होतो. बातमी वाचली, बँकेला आणि बंदराला नावं ठेवली, चहा घेतला.

२०२४ मध्ये ‘डिजिटल अरेस्ट’ हा शब्द घरोघरी पोचला. तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले, असं सांगणारा फोन येतो. मग व्हिडिओवर खाकी वर्दी, मागे पोलीस ठाण्याचा देखावा. लुधियानाच्या एका ज्येष्ठ उद्योगपतीला तर सर्वोच्च न्यायालयाची बनावट सुनावणीच दाखवली आणि सात कोटी काढून घेतले. अशी अटक कायद्यात नाही, हे ऑक्टोबरात पंतप्रधानांना ‘मन की बात’मध्ये सांगावं लागलं. हसणारे अजूनही हसतात, ‘एवढे शिकलेले लोक फसतातच कसे?’

मला मात्र यात कॉसमॉसचाच आराखडा दिसतो. कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही, बायकोला सांगायचं नाही, मुलाचा फोन घ्यायचा नाही. म्हणजे शिल्लक तपासणाऱ्याकडे प्रश्न जाऊच द्यायचा नाही. शेजारच्या खोलीत बसलेली बायको एका वाक्यात ‘अहो, ठेवा तो फोन’ म्हणाली असती; तिच्यापर्यंत जाणारी तारच तोडलेली असते. स्विच तोच, फक्त आता तो सर्व्हर रूममधून उठून दिवाणखान्यात आला आहे. आणि ‘हो’ म्हणायला मालवेअर लागत नाही, भीती पुरते.

मालवेअर संपलं असं मात्र नाही. ते लग्नपत्रिका होऊन येतं, किंवा आरटीओचं चलन होऊन. व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाईल येते. ती उघडून इन्स्टॉल केली की एसएमएस वाचायची परवानगी मागते. आपण लग्नाच्या घाईत देऊन टाकतो. मग ओटीपी आपल्या फोनवर येतो आणि तिकडेही जातो. शिवाय तीच पत्रिका आपल्या नावानं आपल्या सगळ्या माणसांना जाते. इथे चोराला विश्वासही कमवावा लागत नाही, तो आपण वर्षानुवर्षं जमवलेला असतो.

गेल्या हिवाळ्यात मलाही एका काकांच्या नंबरवरून अशी पत्रिका आली. त्यांच्या घरात लग्नाचं कुणीच उरलेलं नाही, म्हणून फोन केला. पाऊण तास लागेना. शेवटी लागला तेव्हा काका वैतागून म्हणाले, ‘लग्न कुणाचं ते मला विचारू नकोस. सकाळपासून तू एकविसावा. आणि मोबाईलच्या दुकानातला पोरगा म्हणतो, सायबर हेल्पलाइनला, १९३० वर, लवकर फोन करा. करू कधी? तुम्ही लोक लाईन सोडाल तर ना!’