मापनयंत्रे आणि संगणक यांची जोडणी

मातीचा सामू, विद्युत वाहकता, पालाश व सूक्ष्म अन्नद्रव्ये यांचे मापन प्रयोगशाळेत विजेवर चालणाऱ्या यंत्रांनी होते. यंत्रावर दिसणारा आकडा कर्मचाऱ्याने वहीत उतरवून घ्यावा, ही जुनी रीत होय. परंतु एकामागून एक अनेक नमुने तपासताना नजरचूक होणे अशक्य नाही. ८.९ हा सामू ६.९ असा लिहिला गेल्यास चोपण असण्याचा संभव असलेली जमीन चांगली ठरते, जिप्समचा विचार मागे पडतो आणि शेतकऱ्याचा हंगाम वाया जातो. ही चूक टाळण्यासाठी मापनयंत्र थेट संगणकास जोडतात.

जोडणी कशी होते?

यंत्र व संगणक यांना जोडणारी तार हे पहिले साधन होय. १९६० साली अमेरिकेत ठरविण्यात आलेल्या आरएस-२३२ या प्रमाणानुसार एका तारेवर एकच यंत्र जोडता येते. पुढे ह्यूलेट-पॅकार्ड या कंपनीने अनेक यंत्रे एकत्र जोडण्याची पद्धत तयार केली. १९७५ साली तिला आयईईई-४८८ या नावाने प्रमाण म्हणून मान्यता मिळाली. या पद्धतीत संगणकासह १५ उपकरणे एका मार्गावर राहू शकतात. प्रत्येक उपकरणास स्वतंत्र क्रमांक दिलेला असतो. टपालवाला घरक्रमांक पाहून पत्र टाकतो, त्याचप्रमाणे संगणकाची आज्ञा त्या क्रमांकाच्या यंत्रासच लागू होते. अलीकडे यूएसबी अथवा लॅनची तारही वापरतात. लॅनमुळे दुसऱ्या खोलीतील यंत्रही चालविता येते.

तार जोडली म्हणजे काम संपले, असे मात्र नव्हे. दोघांस एकमेकांची भाषा समजली पाहिजे. विद्युत चाचणीच्या यंत्रांसाठी १९९० साली ‘स्कपी’ ही समान आज्ञाभाषा ठरविण्यात आली. तीत प्रश्नचिन्हाने संपणारी आज्ञा ही विचारणा असते. ‘तू कोण?’ या अर्थाची विचारणा केली असता यंत्र आपल्या उत्पादकाचे नाव व आपला नमुना क्रमांक कळविते. मापनाची विचारणा केली असता आकडा पाठविते. माती परीक्षणाच्या अनेक यंत्रांच्या आज्ञा मात्र त्या त्या उत्पादकाने ठरविलेल्या असतात. सबब माहितीपुस्तिका पाहूनच जोडणी करावी.

यंत्र संगणकाच्या ताब्यात असताना त्यावरील कळा बहुधा काम करीत नाहीत. अशा वेळी यंत्र बिघडले असे समजू नये. ‘लोकल’ ही कळ असल्यास ती दाबल्याने ताबा सामान्यतः पुन्हा हाती येतो.

संगणक काय करू शकत नाही?

संगणक आकडा जसाच्या तसा नोंदवितो. तो खरा आहे की नाही, हे त्यास आपोआप कळत नाही. सामूमापक ठरावीक सामूच्या प्रमाण द्रावणांनी तपासून जुळविलेला नसेल, तर चुकीचाच आकडा बिनचूक नोंदला जाईल. तसेच नमुन्याच्या पिशवीवरील क्रमांक चुकला, तर एका शेताचा अहवाल दुसऱ्याच्या हाती पडेल. ही चूक कोणतीही तार दुरुस्त करू शकत नाही.

गावपातळीवर घ्यावयाची काळजी

१. बांधाजवळची, झाडाखालची व खताच्या ढिगाजवळची माती घेऊ नये.
२. हंगामी पिकांसाठी शेतात ठिकठिकाणी सुमारे २० सें. मी. खोलीपर्यंतची माती घेऊन ती एकत्र मिसळावी व त्यातील अर्धा किलो माती नमुना म्हणून पाठवावी.
३. शेतकऱ्याचे नाव, गट क्रमांक व नमुना क्रमांक चिठ्ठीवर सुवाच्य लिहून ती पिशवीत घालावी. नोंदवहीतही तोच क्रमांक लिहावा.
४. अहवालातील आकडा शेताच्या प्रत्यक्ष स्थितीशी विसंगत वाटल्यास फेरतपासणीची मागणी करावी.

यंत्रापासून संगणकापर्यंतची वाट आता सुरक्षित करता येते; शेतापासून यंत्रापर्यंतची वाट सुरक्षित ठेवणे हे मात्र शेतकरी व कार्यकर्ते यांच्याच हाती आहे.