फौजी घरी परतला, आता पुढे काय?

शेतकरी बंधूंनो, आपल्या वरूड तालुक्यातल्या बहुतेक मोठ्या गावांत पारावर एखादा तरी फौजी भेटतोच. बेनोडा घ्या, जरूड घ्या, पुसला, लोणी, राजुरा बाजार, शेंदुरजनाघाट, कुठेही जा. अठरा-एकोणिसाव्या वर्षी भरतीच्या मैदानावर जिवाच्या आकांताने धावलेला पोरगा चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे काळी ट्रंक घेऊन घरी येतो. गाव म्हणते, “झाला बाप्पा रिटायर!” अहो, तहसीलमधला बाबू अठ्ठावन्नाव्या वर्षी रिटायर होतो आणि हा अडतिसाव्या! याची पोरे अजून सातवी-आठवीत असतात, बापाच्या नावावरचा बगीचा भावाभावांत वाटायचा राहिलेला असतो आणि कामाची वीस-बावीस वर्षे पुढे पडलेली असतात.

हा काही सैनिकाचा दोष नाही. फौजेला तरणे गडी लागतात. जवानाला पेन्शन बसायला किमान पंधरा वर्षे नोकरी लागते. त्यानंतर हुद्दा जसा वाढेल तशी मुदत वाढते, नाही वाढला तर घरी. देशभरात दरवर्षी साठ हजारांच्या आसपास सैनिक असे बाहेर पडतात. त्यातले बरेचसे तुमच्या-आमच्यासारख्या शेतकऱ्यांच्या घरचे. म्हणून हा विषय शेतीच्या पानावर.

आधी पैशाचे बोलू. फौजी सुटतो तेव्हा हाती रक्कम येते. ग्रॅच्युइटी, फंड, शिल्लक रजेचा पगार आणि विकलेली पेन्शन. घोटाळा होतो तो या शेवटच्या रकमेत. सैनिकाला आपल्या पेन्शनचा निम्म्यापर्यंत हिस्सा सरकारला आगाऊ विकता येतो. त्याचे एकरकमी पैसे मिळतात आणि तेवढा हिस्सा दरमहा पेन्शनीतून कापला जातो. पंधरा वर्षांनी पूर्ण पेन्शन पुन्हा सुरू होते. म्हणजे राजेहो, हे बक्षीस नव्हे. ही आपल्याच पुढच्या पंधरा वर्षांच्या कमाईवर घेतलेली उचल आहे. सालदाराची उचल काय असते, हे वरूडच्या शेतकऱ्याला सांगायला नको.

आता समजा, हवालदार म्हणून सुटलेल्या एका गड्याच्या खात्यात पंचवीस लाख जमा झाले. पहिला महिना पाहुण्यारावळ्यांत जातो. दुसऱ्या महिन्यात जुने घर पाडून स्लॅबचे बांधायचे ठरते, त्यात बारा लाख. “भाऊ, सोयाबीन निघाली की देतो,” म्हणून मेव्हणा दोन लाख नेतो. इतकी वर्षे बाहेर काढली, आता दारात चारचाकी नको का? तीही येते. उरलेले पैसे बोअरवाल्याकडे. आपल्या भागात आठशे-हजार फुटांचे बोअर ही नवलाई राहिलेली नाही. वरूड-मोर्शीचा पट्टा पाण्याच्या अतिउपशासाठी राज्यभर गाजलेला आहे आणि २००९ च्या भूजल कायद्याने अधिसूचित भागात साठ मीटरच्या खाली विहीर नेण्यावर बंधने घातलेली आहेत. तरी गाडी येते, रात्रभर धडधड चालते आणि सकाळी नुसती भुकटी. दीड वर्षात पंचवीस लाखांचा हिशेब संपला. मग हाच हवालदार पुण्याच्या एखाद्या सोसायटीच्या फाटकावर बारा तासांच्या ड्युटीला उभा राहतो. फाटकावर उभे राहणे कमीपणाचे नाही. पण वीस वर्षे बर्फात काढून आलेल्या माणसाला पुन्हा घरापासून सहाशे किलोमीटर जावे लागावे, याचे वाईट वाटते.

म्हणून पहिले सांगणे असे की, सुटून आल्यावर वर्षभर मोठा पैसा मोडू नका. मुदत ठेवीत राहू द्या. घर एक वर्ष थांबू शकते, मेव्हणाही थांबू शकतो.

हातात काय आहे ते पाहा

फौजी स्वतःला विचारतो, “माझ्याजवळ किती आहेत?” त्याने विचारायला हवे, “मला काय येते?” फौजेत प्रत्येकाचा एक ट्रेड असतो. ई.एम.ई.चा मेकॅनिक दहा टनी गाडीचे इंजिन उघडून बसवतो. त्याला ट्रॅक्टर, फवारणीचा ब्लोअर, पाणबुडी मोटरचे रिवाइंडिंग किती दिवसांत जमेल? सिग्नलवाल्याला वायर आणि यंत्रे कळतात. इंजिनिअर्सचा, म्हणजे खडकीच्या बॉम्बे सॅपर्सकडचा गडी, बांधकाम आणि पाण्याची लाईन टाकणे जाणतो. नर्सिंग असिस्टंटला दवाखान्यात मागणी असते. (त्याने गावात सुई-गोळीचा स्वतंत्र धंदा मात्र थाटू नये, तो गुन्हा आहे, आणि आपल्याकडे असे ‘डॉक्टर’ आधीच कमी नाहीत.) पायदळातल्या जवानाला वाटते आपल्याला बंदुकीशिवाय काही येत नाही. पण तीस माणसे वेळेवर कामाला लावणे, सामानाची मोजदाद करणे, वही चोख ठेवणे हे तो रोज करत आलेला असतो.

आणि वरूडच्या संत्र्याच्या धंद्यात नेमकी याचीच तूट आहे, बंधूंनो. आपला व्यवहार कसा चालतो ते आठवा. व्यापारी येतो, बगीचा झाडावरच ठोक्याने घेतो, विसार देतो. भाव चढला तर माल उचलतो, उतरला तर फोन उचलत नाही. बांगलादेशाने आयात शुल्क वाढवत नेऊन २०२३ मध्ये ते किलोमागे ८८ टक्यांवर आणले, तेव्हा आंबियाच्या फळाचे काय झाले ते प्रत्येकाला ठाऊक आहे. तोडणीनंतर प्रतवारी, वॅक्सिंग, कॅरेट भरणे, वजन, गाडीचा हिशेब, समोरच्या बाजारातली पट्टी तपासणे ही सगळी कामे व्यापाऱ्याची माणसे करतात आणि नफाही तिकडेच राहतो. शेतकऱ्यांनी कंपन्या काढून पाहिल्या. कंपनीच्या उद्घाटनाला पन्नास जण असतात, वही लिहायला एकही नसतो. आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ज्याने वर्षानुवर्षे हजार माणसांचा शिधा, भाजी, फळे तोलून घेतली आणि तोलून दिली, असा माणूस तुमच्या शेतकरी कंपनीत मॅनेजर म्हणून का नको? त्याला पेन्शन आहे, म्हणून पहिली दोन वर्षे तो कमी पगारावर तग धरू शकतो. कंपनीला एवढे स्वस्त आणि एवढे शिस्तीचे माणूस दुसरीकडे मिळणार नाही.

दुसरा धंदा कलमांचा. शेंदुरजनाघाटची संत्रा कलमे दूरवर जातात. जंभेरीच्या खुंटावर डोळा भरणारे हात आपल्याकडे पिढीजात आहेत. पण डिंक्या रोग रोपवाटिकेतल्या मातीतूनच बगीच्यात जातो, हे आता सगळे मान्य करतात. स्वच्छ माध्यम, पिशवीत रोप, खात्रीचे मातृवृक्ष, प्रत्येक वाफ्याची नोंद हे काम चिकाटीचे आहे. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत याची माहिती मिळते. कृषी खात्याचा परवाना लागतो. घाटखेड आणि दुर्गापूरची कृषी विज्ञान केंद्रे जवळ आहेत. अर्धा एकर वावर आणि पाण्याची सोय असलेल्या फौजीने हजार फूट बोअरऐवजी शेडनेटचा विचार करावा, असे आमचे मत आहे.

एक इशारा मात्र द्यायला हवा. गाव म्हणजे पलटण नाही. इथे हुकूम चालत नाही, आणि उधारी चालते! फौजीचा धंदा बुडतो तो बहुधा उधारीत. मेसमध्ये सगळे वेळेवर मिळालेल्या माणसाला “पुढच्या हप्त्यात देतो” हे खरेच वाटते. ट्रॅक्टर दुरुस्तीचे दुकान टाकले आणि सहा महिन्यांत गावाकडे दोन लाख अडकले, तर दुकान बंद करण्यावाचून गत्यंतर राहत नाही. घरात एखादी व्यवहारी बाई असेल, आणि फौजीच्या घरात ती असतेच, कारण इतकी वर्षे वावर, पोरे, बँक तिनेच सांभाळली, तर गल्ल्याची चावी तिच्याकडे ठेवा.

नोकरी आणि कर्ज

नोकरी हवी असेल तर वाटा आहेत. महाराष्ट्र शासनाच्या गट क आणि गट ड पदांत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. राष्ट्रीयीकृत बँकांत लिपिकवर्गात साडेचौदा आणि शिपाईवर्गात साडेचोवीस टक्के जागा राखीव असतात. यात अपंग माजी सैनिक आणि शहिदांचे आश्रित धरलेले आहेत. दहावी झालेल्या आणि पंधरा वर्षे सेवा केलेल्या जवानाला केंद्राच्या गट क पदांसाठी पदवीधराच्या बरोबरीचे धरतात. पुष्कळ जणांना हे ठाऊकच नसते, म्हणून ते अर्जच करत नाहीत. पुलगावच्या दारूगोळा भांडारासारख्या ठिकाणी पहाऱ्याला असलेल्या डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्येही माजी सैनिकांची पुन्हा भरती होते. सुरक्षा रक्षकांची कामे देणारे राज्याचे माजी सैनिक महामंडळ, मेस्को, २००२ पासून पुण्यातून चालते.

धंद्यासाठी पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमात माजी सैनिक विशेष प्रवर्गात मोडतो. २०२२ मध्ये सुधारलेल्या नियमांप्रमाणे ग्रामीण भागात त्याला ३५ टक्के अनुदान आणि स्वतःचा हिस्सा फक्त ५ टक्के. उत्पादनाच्या उद्योगाला ५० लाखांपर्यंत, सेवाउद्योगाला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. अर्ज करण्याआधी योजनेची चालू स्थिती जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्या. पाच टक्के! म्हणजे आयुष्याची पुंजी एका दुकानात ओतायची गरज नाही. आणखी एक: सेवेच्या शेवटच्या काळात फौजच जवानांना पुनर्वसनाचे कोर्स देते, दिल्लीच्या पुनर्वसन महासंचालनालयामार्फत. तुमचा मुलगा सुटायला दोन वर्षे असतील तर त्याला आजच पत्र लिहा, फोन करा आणि विचारा की कोणता कोर्स मागितला. सुटल्यावर विचार करू, असे म्हणणारा उशीर करतो.

कोणी केले का असे? अण्णा हजारे फौजेत गाडी चालवत. १९६५ च्या लढाईत खेमकरणला त्यांच्या सोबतचे मारले गेले. १९७५ मध्ये ते राळेगणला परतले आणि हातच्या पैशातून प्रथम यादवबाबांचे मंदिर उभे केले, मग गावाला पाणी अडवायला लावले. वरुडापेक्षा कितीतरी कमी पाऊस तिथे. त्यांना संसार नव्हता, हे खरे. सगळ्यांना तसे जमणार नाही. संसारी माणसाचे उदाहरण पाहिजे असेल तर कर्नाटकातल्या हसन जिल्ह्याचे कॅप्टन गोपीनाथ. आठेक वर्षांनी फौज सोडली, धरणात गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या पडीक रानात तंबू ठोकून राहिले. नारळ लावले, रेशीम केले, मोटारसायकलींची एजन्सी घेतली, त्यांतले काही फसले, काही चालले. रेशीमशेतीसाठी १९९६ मध्ये त्यांना रोलेक्स पुरस्कार मिळाला. २००३ मध्ये एअर डेक्कन ही स्वस्त विमानसेवा त्यांनीच काढली. ती २००८ मध्ये दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. विमानाचे सोडा, पण पहिली काही वर्षे ते शेतात राहिले हे लक्षात घ्या.

सरपंच, ग्रामसेवक, तलाठ्यांसाठी

पदांची नावे सरकारने बदलली तरी गाव अजून याच नावांनी हाक मारते, म्हणून आम्हीही. दर ७ डिसेंबरला ध्वजदिन येतो, निधीचे उद्दिष्ट येते, तुम्ही पावत्या फाडता. मग गावात माजी सैनिक आणि वीरपत्नी किती, याची यादी ग्रामपंचायतीत आहे का? माजी सैनिकांच्या घरपट्टी माफीचा निर्णय शासनाने २०२० मध्ये घेतला. अर्ज करा, कागद आणा, असे सांगून त्यांना चार चकरा मारायला लावू नका. चाकरीत असलेल्या जवानाचा धुरा शेजाऱ्याने सरकवला किंवा वारस नोंद अडकली, तर तो वीस दिवसांच्या रजेत काय काय करील? अशा फेरफाराला पाळी येण्याची वाट पाहू नये.

आणि आता खरी घाई आहे ती वेगळ्याच कारणाने. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. आपल्या तालुक्यातलीही पोरे त्यात गेली. चार वर्षांची नोकरी, त्यातले पंचवीस टक्के पुढे कायम, बाकीचे घरी. पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस आणि २०२७ च्या सुरुवातीला भरतात. हाती सेवानिधीचे ११ लाख ७१ हजारांच्या आसपास, पेन्शन नाही, आणि २०२२ च्या योजनेप्रमाणे माजी सैनिकाचा दर्जाही नाही. म्हणजे वर सांगितलेल्या सवलती या पोरांना आपोआप लागू होत नाहीत. केंद्रीय पोलीस दलांत त्यांच्यासाठी जागा राखून ठेवल्या आहेत, तिकडची तयारी करावी. दहावीवर गेलेल्यांना बारावीच्या प्रमाणपत्राची सोय केलेली आहे, ते पदरात पाडून घ्यावे. हवालदाराने पंचवीस लाख उडवले तरी महिन्याला पेन्शन येते. या पोराचे अकरा लाख गेले की तो पंचविशीत रिकाम्या हाताने बापाच्या बगीच्यात उभा. त्याच्यासाठी बुलेट, प्लॉट आणि बोअर आधीच ठरवून बसलेल्या बापांनी एवढे लक्षात ठेवावे.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अमरावतीला आहे. नाव नोंदवलेले नसेल तर संत्र्याची तोड आटोपली की एक दिवस काढा. डिस्चार्ज बुक, पीपीओ, आधार, बँकेचे पासबुक, मुलांचे जन्मदाखले सोबत घ्या. आणि बायकोलाही न्या. पेन्शनच्या कागदात तिचे नाव किंवा जन्मतारीख चुकलेली असेल, तर दुरुस्तीचा अर्ज तुमच्या सहीने सोपा जातो. तुमच्या मागे तिला एकटीला तो फार अवघड जातो.