भूक मावळते तेव्हा

दिवाळीनंतर एक सूनबाई आपल्या ७१ वर्षांच्या सासूबाईंना घेऊन दवाखान्यात आल्या. मधुमेह, स्थूलता आणि गुडघेदुखी यांमुळे सासूबाईंना वजन घटवणारे आठवड्याचे इंजेक्शन तीन महिन्यांपासून सुरू होते. "डॉक्टर, सात किलो उतरले!" सूनबाई आनंदाने म्हणाल्या. मी सासूबाईंना हात न टेकता खुर्चीवरून उठण्यास सांगितले. दोनदा प्रयत्न करूनही त्यांना उठता आले नाही. "जेवावंसंच वाटत नाही हो. दिवाळीत करंजीसुद्धा नकोशी झाली," त्या हळूच म्हणाल्या.

असे का होते, हे समजून घेऊ या. जेवण झाले की आपल्या आतड्यातून जीएलपी-१ नावाचे संप्रेरक स्रवते आणि काही मिनिटांतच नाहीसे होते. सेमाग्लुटाइड हे औषध त्याच्यासारखेच काम करते, परंतु शरीरात आठवडाभर टिकते. टिर्झेपाटाइड त्याच्या जोडीला जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचेही कार्य करते. वजन घटवण्यासाठी ही दोन्ही औषधे भारतात २०२५ साली उपलब्ध झाली. त्यांच्यामुळे जठर सावकाश रिकामे होते आणि मेंदूतील भुकेच्या केंद्रांना 'पोट भरले' असा निरोप मिळतो.

पण भूक केवळ पोटाची नसते. भरल्या पोटीही मिठाईचा डबा आपल्याला खुणावतो, कारण आवडीच्या पदार्थाच्या नुसत्या दर्शनाने मेंदूतील सुखाची अपेक्षा जागवणारी यंत्रणा कार्यरत होते. डोपामीन हे रसायन तिचा प्रमुख दूत. या गटातील औषधे घेणाऱ्यांच्या मेंदूचे चित्रण केले असता, खाद्यपदार्थ पाहून उमटणारा प्रतिसाद मंदावलेला आढळला आहे. मनात सतत चालणारा खाण्याचा विचार थांबला, असे अनेक रुग्ण सांगतात. स्थूलता म्हणजे निव्वळ जिभेचे लाड, असे म्हणणाऱ्यांनी हे अवश्य ध्यानात घ्यावे.

औषधाचा लाभ मोठा आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचे वजन ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के घटले. मात्र औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातील सुमारे दोन-तृतीयांश वजन परत आले. शिवाय घटलेले सारे वजन चरबीचे नसते, त्यात स्नायूंचाही वाटा असतो. उतारवयात गेलेला स्नायू सहजी परत येत नाही. पाय दुर्बल होतात, तोल जातो आणि एका पडण्याने माणूस अंथरुणाला खिळू शकतो.

म्हणून घरात कोणी हे औषध घेत असेल, तर वजनकाट्याइतकेच ताटाकडेही लक्ष द्या. भूक लागेल तेव्हा जेवू, असे म्हणून चालणार नाही, कारण ती लागेलच असे नाही. ठरलेल्या वेळी थोडे थोडे खाऊ घाला. भाताआधी घट्ट वरण, उसळ, दही, पनीर किंवा अंडे द्या. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा. पाण्याचीही आठवण करा. खुर्चीवरून उठण्या-बसण्याचा व्यायाम रोज करवून घ्या.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड सुरू असेल तर साखर एकदम उतरू शकते. रक्तदाबाच्या गोळ्यांची मात्राही तपासून घ्यावी लागते. सतत उलट्या, पोटात असह्य कळ किंवा चक्कर असल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. शस्त्रक्रिया ठरल्यास भूलतज्ज्ञांना या इंजेक्शनची कल्पना आधीच द्या. शेजाऱ्याला गुण आला म्हणून मात्र ते स्वतःहून सुरू करू नका.

त्या सासूबाईंच्या औषधाची मात्रा आम्ही कमी केली, आहार आणि व्यायाम आखून दिला. दोन महिन्यांनी त्या आल्या आणि हात न टेकता खुर्चीवरून उठल्या. वजन मात्र एक किलोने वाढले होते. सूनबाई किंचित हिरमुसल्या. मी त्यांना म्हटले, "हा किलो राहू द्या. तो त्यांच्या पायांत आहे."