मेंढ्या नाकारल्या बहारीननं, खड्डे खणले कराचीत

मनामाच्या बाजारात मटण घेताना भाव आणि ताजेपणा आपण सगळेच बघतो. पण जे जनावर खाटकापर्यंत पोहोचतच नाही, वाटेत किंवा गोठ्यात मरतं, त्याचं पुढे काय होतं, असा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय?

२०१२ च्या ऑगस्टमध्ये हा प्रश्न थेट बहारीनच्या दारात आला होता. ऑस्ट्रेलियाहून 'ओशन ड्रोव्हर' जहाजातून आलेल्या सुमारे २२ हजार मेंढ्या बहारीननं नाकारल्या. त्यांच्या तोंडावर खपल्या धरणारा विषाणूजन्य रोग असल्याचं कारण दिलं गेलं. हा रोग सहसा काही आठवड्यांत आपोआप बरा होतो. मेंढ्या निरोगी असल्याचं निर्यातदार सांगत राहिले. अखेर कळप कराचीला उतरला, तिथेही संशय आला आणि कत्तलीचा हुकूम निघाला. घाईघाईत खणलेल्या चरांमध्ये काही मेंढ्या अर्धमेल्या अवस्थेत पुरल्या गेल्या. प्रकरण न्यायालयात गेलं, पण शेवटी कळप वाचला नाही.

आता शास्त्राकडे वळू. जनावर मेलं तरी त्याच्यातले जंतू लगेच मरत नाहीत. मेंढ्यांच्या या रोगाचा विषाणू वाळलेल्या खपलीत अनेक महिने टिकतो. आफ्रिकन स्वाइन फीवरचा विषाणू डुकराच्या रक्तामांसात दीर्घकाळ तग धरतो. काळपुळीचे, म्हणजे अँथ्रॅक्सचे, बीजाणू तर मातीत कित्येक दशकं जिवंत राहतात. शिवाय कुजणाऱ्या शरीरातून पाझरणारं पाणी जमिनीत मुरतं. भूजल उथळ असेल तर पुरणं म्हणजे विहिरीतच टाकणं. अतिउपशामुळे ज्याच्या भूजलात समुद्राचं खारं पाणी शिरलंय, त्या बहारीनसारख्या बेटाला हे परवडणारं नाही.

पुरायचं नाही तर काय करायचं? एक मार्ग बंद भट्टीत जाळण्याचा. तो खात्रीचा, पण इंधन खातो. दुसरा, कारखान्यात उच्च तापमानाला शिजवून चरबी आणि भुकटी वेगळी करण्याचा. तिसरा मार्ग छोट्या वराहपालकालाही जमेल असा आहे: कंपोस्ट. खाली दोन फूट कोरडा भुसा, त्यावर जनावर, चारही बाजूंना फूटभर जागा सोडून वरून पुन्हा दोन फूट भुसा. भुशातला कार्बन आणि मांसातला नायट्रोजन यांच्यावर सूक्ष्मजीव पोसले जातात आणि ढिगाचं तापमान ५५ अंशांच्या वर जातं. ते काही दिवस टिकलं की बहुतेक रोगजंतू मरतात. काळपुळीचे बीजाणू मात्र यातूनही वाचतात.

सोय नसली की काय होतं, ते मार्च २०१३ मध्ये शांघायनं पाहिलं. शहराला पाणी पुरवणाऱ्या ह्वांगपू नदीतून १६ हजारांहून जास्त मेलेली डुकरं काढावी लागली. वरच्या भागात मेलेल्या डुकरांच्या मांसाचा चोरटा धंदा करणाऱ्यांवर कारवाई झाली होती, पण विल्हेवाटीची सोय अपुरीच होती. धंदा थांबला, मरतूक थांबली नाही.

आपल्याकडे हे काम पूर्वी गिधाडं फुकट करायची. जनावरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकमुळे ती मेली. २००६ मध्ये भारतानं त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली, तोवर आकाश रिकामं झालं होतं.

तेव्हा पुढच्या वेळी गावी फोन लावाल आणि एखादं जनावर अचानक गेल्याचं कळेल, तेव्हा तीन गोष्टी आवर्जून सांगा. नाकातोंडातून काळसर, न गोठणारं रक्त येत असेल तर त्याला चिरू नका, हात लावू नका. कातडी काढायची घाई करू नका. ओढ्यात टाकण्याआधी किंवा विहिरीजवळ खड्डा खणण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. तुमचा तो दोन मिनिटांचा फोन गावातली एक विहीर वाचवू शकतो.